चार नंबरचा सेन्सर

शिरोड्याच्या दवाखान्याचा कोबा ओतायच्या आदल्या दिवशी
अंतोन डिसोझा सळ्यांवर पाइप बांधत होता,
वीत-वीत अंतर राखून, वाकून,
कुणी खाटेवर कुरडया घालाव्यात तसा.
मी बाजूला छत्री धरून वहीत लिहीत होते:
दोनशे दहा मीटर पाइप.
विहिरीचं पाणी सव्वीस अंश.
मिनिटाला सहा लिटर.

रात्री तीच खोली मी पुन्हा बांधली, आकड्यांची.
भिंतीचे पाच थर, छपराचे सात,
दर थराच्या पोटात एक ठिपका,
आणि ठिपक्याठिपक्यांत उष्णतेची देवघेव
दर दहा मिनिटांनी, वर्षभर.
पदार्थांच्या यादीत वीट होती, काँक्रीट होतं,
कॉर्क होतं, बर्फसुद्धा होता.
चिरा नव्हता.
या किनाऱ्यावरच्या निम्म्या भिंती ज्याच्या
त्याचीच ओळ नाही.

मग एक चिरा घरी आणला.
ओट्यावर ठेवून तापवला, भिजवून तापवला,
आठवडाभर वाळवून पुन्हा तापवला.
कोरडा असताना तो ऊन अडवून धरतो,
ओला झाला की सोडून देतो आत.
एका दगडाचे दोन स्वभाव,
म्हणून वहीत दोन रकाने.
हळदीच्या डब्यामागे त्याची लाल भुकटी अजून सापडते.

मे महिन्यात पाणी गार करायचं यंत्र आलं.
मी हट्टाने अठरावर लावलं.
पडद्यावरच्या खोलीत सगळे सुखात होते.
शिरोड्याच्या खोलीत
फिलोमिना सिस्टरची पावलं उमटली कोब्यावर,
खाटेपासून दारापर्यंत,
आणि दाराशी ती घसरता घसरता सावरली.

पाइप फुटला, मी म्हटलं.
अंतोनने जमिनीवरून बोट फिरवलं, चाटून पाहिलं.
"पायप फुटाक नाय. ह्या हवेतला पाणी.
तुमच्या कंप्युटराक घाम येणा नाय, बाय.
कोब्याक येता."

उष्णतेचा कण न् कण मी हिशोबात धरला होता,
बाष्प विसरले होते.
तेही मिठागरांच्या गावात,
जिथे सकाळी भाजलेला पापड
दुपारच्या पानात मऊ पडतो.
मेमधला दवबिंदू पंचविशीच्या आसपास घुटमळतो
आणि मी त्याच्या खाली सात पायऱ्या उतरून बसले होते.

यंत्र परत गेलं. त्याचा भाडेखर्च मी भरला.
विहिरीचं पाणी आहे तसंच सोडलं,
वर पंखा, हळू.
खोली थंडगार झाली नाही.
बाळंतिणीच्या कपाळावरचा रुमाल मात्र
कमी वेळा पिळावा लागला,
असं सिस्टरने सांगितलं. हा आकडा कुठल्या रकान्यात लिहू,
मला कळलं नाही.

मग चार नंबरचा सेन्सर.
उत्तरेच्या खिडकीखाली, कोब्यात दोन बोटं खोल.
रात्री दीडनंतर चढायला लागायचा,
अर्धा अंश,
पहाटे साडेचारनंतर सावकाश उतरायचा.
रोज.
माझ्या हिशोबात तिथे काहीच नव्हतं.
तारा तपासल्या. पंपाच्या वेळा पाहिल्या.
लाजत लाजत चंद्रप्रकाशसुद्धा मोजला.

अकराव्या दिवशी फोन केला.
सिस्टर थोडी थांबली.
"तिथे आमची जयवंती झोपते. आया आहे.
रात्रपाळीत आयांना खाट नाही, म्हणून खाली.
थंड वाटतं म्हणे तेवढ्यात.
नको म्हणून सांगू का?"

नका सांगू, मी म्हटलं.

आणि एक नवी ओळ लिहिली:
ठिपका चौसष्ट. माणूस, आडवा, कुशीवर.
सत्तर वॅट. दीड ते साडेचार.
मॉडेल चालवलं.
दोन रेषा, माझी आणि कोब्याची,
जवळ आल्या, जवळजवळ एक झाल्या.
तिनाच्या सुमारास तेवढी थोडी फट राहते.

तेव्हा ती कूस बदलत असावी.